हिरड्याचं कापड वेचणीला द्या, फवारणीला नको

प्रति,
विदर्भातल्या जिल्ह्यांचे कृषी अधिकारी, महिला बचत गटांचे प्रभागसंघ आणि शेतमजुरांसाठी कपडे खरेदी करणाऱ्या ग्रामपंचायती यांस,

स. न. वि. वि.

हिरडा, डाळिंबाची साल, बाभूळ, कडुनिंब यांचा अर्क सुती कापडावर चढवून ‘संरक्षक कापड’ करायचं आणि ते शेतमजुरांना द्यायचं, ही कल्पना चांगली आहे. कापूस आपला, हिरडा आपल्या जंगलातला, हात आपल्या बायांचे. आम्ही याच कामात असल्यामुळे तिला विरोध करायचं आम्हाला काही कारण नाही. अडचण एवढीच की हे कापड कशापासून वाचवणार, हे मागणीपत्रात कोणी नीट लिहीत नाही. ऊन, घामातले जंतू, डास आणि फवारणीचं औषध ही चारही नावं एकाच ओळीत येतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर हे कापड खरोखर काम करतं. डासांवर त्याचा असर काही तासांपुरता असतो. फवारणीच्या औषधापुढे मात्र ते काहीच करत नाही, उलट साध्या कोऱ्या कापडापेक्षा जास्त धोक्याचं ठरतं. म्हणून आधी फवारणीचं बोलू.

2017 च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उंच वाढली होती. फवारणारा माणूस ओल्या पानांतून चालत होता आणि मांड्या, पोट, छाती औषधाने भिजत होती. प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही शरीरात जातात. अशा ठिकाणी कापडाचं काम एकच: द्रव आत येऊ न देणं.

वनस्पतीचा अर्क कापडात बसायचा असेल तर आधी कापडातलं मेण, खळ आणि पेक्टिन (कापसातला चिकट घटक) काढावं लागतं. कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकला तर तो बराच वेळ मण्यासारखा बसून राहतो. नीट उकळलेल्या कापडावर तोच थेंब पाच सेकंदांच्या आत शोषला गेला पाहिजे, नाहीतर अर्क सगळीकडे सारखा चढत नाही. म्हणजे अर्कासाठी कापड जितकं चांगलं तयार होतं, तितकं ते औषध पटकन पितं आणि अंगाला लावून ठेवतं. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) किंवा कडुनिंबाचा अर्क त्या औषधाला निष्प्रभ करत नाही. वरून कापडावर ‘संरक्षक’ असं छापलेलं असेल, तर माणूस प्लास्टिकचा एप्रन घरीच ठेवून जातो.

फवारणीच्या कपड्यांसाठी आयएसओ 27065 हे वेगळं मानक आहे. त्यात सी1, सी2, सी3 असे चढते स्तर आहेत आणि कापडावर द्रव टाकून त्यातला किती आरपार गेला हे आयएसओ 22608 या पद्धतीने मोजतात. फवारणी किटचं मागणीपत्र काढताना हे दोन आकडे त्यात असू द्या. तेवढा खर्च झेपत नसेल तर समोरून छातीपासून घोट्यापर्यंत येणारा जलरोधक एप्रन, पाठीवर पंपाखाली तसाच एक तुकडा, नायट्राइलचे हातमोजे आणि गमबूट एवढं तरी द्या. पंप गळतो तो पाठीवरच. सुती कपडा घालायचाच असेल तर तो या सगळ्याच्या आत, आणि काम संपल्याबरोबर उतरवून घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवायचा.

आता हे कापड जिथे कामाचं आहे तिकडे वळू.

दसऱ्यापासून पुढे कापसाची वेचणी असते. बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा सदरा चढवतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि दिवसभर उन्हात वाकून बोंडं वेचतात. बोंडाच्या वाळक्या कडा हाताला ओरबाडतात, त्यावर घाम आणि धूळ बसते. मे महिन्यात तेंदूपत्त्यावर जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वाईट, कारण तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा 45 च्या आसपास असतो. या कामांना असं कापड लागतं की जे ऊन अडवील, घामाने कुबट होणार नाही आणि अंगाला हवा लागू देईल. वनस्पती-प्रक्रिया केलेलं सूत इथे खरंच उपयोगी आहे.

कापड ऊन किती अडवतं ते यूपीएफ या आकड्यात सांगतात. यूपीएफ 15 म्हणजे अतिनील किरणांचा पंधरावा भाग आत येतो. 50 म्हणजे पन्नासावा, दोन टक्के. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकात 15 च्या खालच्या कापडाला संरक्षणाचं लेबल मिळतच नाही. पांढऱ्या, ब्लीच केलेल्या पातळ सुती कापडाचा आकडा बहुधा 10 च्या आत असतो. टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड हे पदार्थ अतिनील किरण शोषतात, त्यामुळे हिरडा आणि डाळिंबाच्या सालीने हा आकडा चांगला वर जातो. त्यावर हिराकसाची (लोहाच्या क्षाराची) हलकी छटा दिली की आणखी. पण सगळ्यात मोठा फरक वीण करते. दोन धाग्यांमधल्या भोकातून ऊन सरळ आत येतं, तिथे कुठलाच अर्क काम करत नाही. मलमलीवर कितीही हिरडा चढवा, ती उन्हाची जाळीच राहते. म्हणून मागणीपत्रात आधी कापड लिहा: घट्ट विणीचं पॉपलिन किंवा खादी, चौरस मीटरला 120 ते 150 ग्रॅम. कापड ट्यूबलाइटसमोर धरा. आरपार ठिपके दिसले तर परत करा. ओल्या सुताचं संरक्षण कमी होतं, ताणून बसलेल्या कापडाचंही. त्यामुळे सदरा ढिलाच शिवायला हवा.

कृतीबद्दल जरा तपशिलात लिहितो, कारण बहुतेक प्रशिक्षणांत घाई होते ती इथेच. हिशेब दहा किलो कोरड्या कापडाचा आहे आणि सगळी टक्केवारी कोरड्या कापडाच्या वजनावर आहे. पाणी कापडाच्या पंधरा पट, म्हणजे दर घाण्याला (एकेका बुडवणीला) 150 लिटर.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सकाळी चोळून खळ काढायची. खळ गेली का, हे बघायला औषधाच्या दुकानातल्या टिंचर आयोडीनचे दोन थेंब पाण्यात पातळ करून कापडाच्या काठावर टाका. निळं-काळं झालं तर खळ शिल्लक आहे. मग 150 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि 100 ते 150 ग्रॅम साधा साबण टाकून दीड ते दोन तास उकळायचं. कापड पूर्ण बुडालेलं हवं. वर आलेला भाग पुढे फिका राहतो. पाणी चहासारखं तांबूस होतं, ते कापसातलं मेण आणि पेक्टिन. पहिलं खळबळणं गरम पाण्यातच करा. एकदम गार पाण्यात टाकलं की सुटलेलं मेण परत धाग्यावर बसतं. कापड वाळलं की थेंब टाकून बघा, तेही चार-पाच ठिकाणी. घडीच्या आत आणि काठाला हमखास चुकतं.

हिरडा बी काढून कुटलेला घ्या, दीड ते दोन किलो. बी तसंच दळून विकलेल्या भुकटीत वजन भरतं पण टॅनिन कमी असतं. ही भुकटी रात्रभर पंधरा लिटर पाण्यात भिजवून सकाळी तासभर मंद आचेवर ठेवा आणि दुहेरी कापडातून गाळा. न गाळलेला चोथा कापडावर ठिपके सोडतो आणि ते ठिपके पुढे हिराकसाच्या घाण्यात काळे होतात. गाळलेलं पाणी 150 लिटर करून त्यात ओलं कापड 50 ते 60 अंशांवर तासभर हलवत ठेवा आणि मग त्याच पाण्यात थंड होऊ द्या. पिळा, पण धुऊ नका. सावलीत वाळवा आणि मधूनमधून उलटा, कारण टॅनिन पाण्याबरोबर सरकतं आणि जी कड शेवटी वाळते तिथे गोळा होतं. वाळवायला लोखंडी तार वापरू नका. तारेला कणभर गंज असला तरी कापडावर आडवी काळी रेघ उमटते आणि ती जात नाही. नायलॉनची दोरी बांधा.

वाळल्यावर तुरटी: एक ते दीड किलो, आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून. 50 अंशांच्या आसपास पाऊण तास कापड हलवायचं, वाळवायचं, मग एकदा खळबळायचं. सुताला लोकरीसारखी पकड नसते, तुरटी नुसती सुतावर टिकत नाही. ती आधी बसलेल्या टॅनिनला धरते आणि दोन्ही मिळून न विरघळणारा थर तयार होतो. म्हणून आधी हिरडा आणि मग तुरटी हा क्रम बदलू नका. वेळ वाचवायला दोन्ही एकाच भांड्यात टाकलं की हा थर कापडावर बसायच्या आधी पाण्यातच बसतो. पाणी गढूळ होतं, तळाशी साका दिसतो आणि कापडावर जे राहतं ते दोन धुण्यांत जातं.

त्यानंतर डाळिंबाची वाळलेली साल, दोन ते तीन किलो. तासभर उकळून गाळायची आणि 60 ते 70 अंशांवर तासभर कापड हलवायचं. शेवटी हिराकस: 100 ग्रॅम, फार तर 200. गार पाण्यात विरघळवून दहा-पंधरा मिनिटं, सतत हलवत, आणि लगेच भरपूर पाण्यात धुणं. रंग पिवळट-मातकटावरून राखाडी-हिरव्याकडे जातो. गडद रंगाच्या मोहाने हिराकस वाढवू नका. जादा लोह सुताला हळूहळू खातं आणि वर्ष-दीड वर्षात सदरा घडीवर फाटतो. मोरचूद आणि पोटॅशियम डायक्रोमेटने रंग पक्का होतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण घामाने भिजणाऱ्या कपड्यात तांबं आणि क्रोमियम घालून वर ‘निसर्गस्नेही’ लिहायचं, हे आम्हाला पटत नाही. मागणीपत्रात या दोन्हींना स्पष्ट मनाई लिहा.

तयार कापड गरम पाण्यात भिजवून त्या पाण्याचा पीएच पट्टीने बघा. 4 ते 7.5 च्या मधे यायला हवा. खाली आला तर तुरटी किंवा हिराकस धुतलं गेलेलं नाही आणि काखेत, मानेवर खाज सुटणार. वर आला तर सोडा राहिलाय.

हे सगळं बिघडवणारी एक गोष्ट प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत क्वचितच असते: पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. त्या पाण्यात उकळलेल्या कापडावर चुन्याच्या साबणाचा चिकट थर बसतो आणि थेंब शोषला जात नाही. पूर्वेकडे काही ठिकाणी हातपंपाच्या पाण्यात लोह असतं. त्या पाण्यात हिरडा टाकला की सगळं कापड हिराकस न घालताच काळपट होतं आणि बायांना वाटतं, हिरडाच खराब आला. याची परीक्षा अगदी सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चिमूटभर हिरडा टाका, पाच मिनिटं थांबा. पाणी निळसर-काळं झालं तर लोह आहे. पिवळट राहिलं तर चालेल. लोह निघालं तर निदान हिरडा, तुरटी आणि सालीच्या घाण्यांना पावसाचं साठवलेलं पाणी लागेल. भांडी स्टेनलेस स्टीलचीच हवीत. पत्र्याचा ड्रम आणि गॅल्व्हनाइज्ड बादली दोन्ही बाद.

आणि पाणी लागतं किती? उकळणं, हिरडा, तुरटी, साल, हिराकस असे पाच घाणे आणि मधली-शेवटची खळबळणी धरली तर दहा किलो कापडाला साधारण दीड हजार लिटर. हिरड्याचं पाणी निम्मा हिरडा नव्याने घालून आणखी दोनदा वापरता येतं, शेवटचं खळबळलेलं पाणी पुढच्या खेपेच्या उकळीला चालतं. तरी हजार लिटरच्या खाली येणं अवघड. जळण वेगळंच. 150 लिटर पाणी उकळीला न्यायला साध्या चुलीवर वीसेक किलो लाकूड जातं. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या काड्या, सुधारित चूल, सोलर हीटरमधून येणारं कोमट पाणी यांचा विचार न करता गटाला नुसतं पिळण्याचं यंत्र देऊन ‘शाश्वत’ उद्योग उभा राहत नाही. आमच्या मते अनुदानातून पहिली खरेदी व्हावी ती दहा ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाट्याची, थर्मामीटरची, पीएच पट्ट्यांची आणि पावसाच्या पाण्याच्या टाकीची. यंत्र नंतर.

सांडपाणी नाल्यात सोडायचं नाही. सोड्याचं पाणी आम्लारी, तुरटीचं आम्लधर्मी. दोन्ही एका खड्ड्यात एकत्र केली तर पीएच बराच मधे येतो आणि साका खाली बसतो. वरचं पाणी शेतात नको, झाडोऱ्याच्या खड्ड्यात सोडा. हिराकसाचं पाणी मात्र वेगळंच ठेवा.

आता जंतूंचं. काचेच्या बशीतला एक फोटो बहुतेक सादरीकरणांत असतो: मधे कापडाचा तुकडा, भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोठं तितकं कापड चांगलं, असं सांगितलं जातं. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. वर्तुळ तयार होतं ते कापडातून पदार्थ बाहेर झिरपतो म्हणून. जो आज बशीत झिरपला तो उद्या धुण्याच्या दगडावर वाहून जाणार. पानं उकळली, कापड बुडवलं, वाळवलं आणि लगेच चाचणीला पाठवलं की वर्तुळ हमखास मोठं येतं. म्हणून मागणी अशी करा: एएटीसीसी 100 किंवा आयएसओ 20743 ही जंतू मोजण्याची चाचणी, न धुतलेल्या आणि वीस वेळा धुतलेल्या अशा दोन्ही तुकड्यांवर. सोबत तुलनेला दोन तुकडे हवेत, एक नुसतं उकळलेलं कापड आणि एक फक्त हिरडा-तुरटीचं. हे नसेल तर जंतू कशाने कमी झाले ते कळतच नाही. पुष्कळदा सगळं काम हिरडा-तुरटीच करत असते आणि श्रेय तुळशीला जातं.

प्रयोगशाळेआधी गावातच एक चाळणी लावता येते. तयार कापडाचे वीतभराचे चार तुकडे कापा. एक कागदात गुंडाळून ठेवा, बाकीचे रोजच्या साबणाच्या वडीने, रोजच्या दगडावर, अनुक्रमे पाच, दहा आणि वीस वेळा धुवा. प्रयोगशाळेतलं सौम्य डिटर्जंट नको, किराणा दुकानातली तीच सोडायुक्त वडी हवी. वीस धुण्यांच्या तुकड्याचा रंग पहिल्याच्या निम्म्याहून फिका वाटला तर तो माल पाठवूच नका. रंग आणि टॅनिन या कापडात बरोबरच जातात. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था खादी आणि कापडावर काम करते, मार्गदर्शनाला ती जवळची. प्रमाणपत्राच्या चाचण्यांसाठी मुंबईची बीटीआरए, कोईमतूरची सिट्रा आणि संरक्षक कापडासाठी गाझियाबादची नीट्रा या कापड-संशोधन संस्था आहेत.

काही वनस्पतींचं नाव मोठं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. हळद जंतूंवर चालते, पण तिच्यातलं करक्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, उन्हात उडून जातं आणि सोड्याच्या साबणाने लालभडक होतं. वेचणीच्या सदऱ्यावर तिचं काम नाही. पळसाच्या फुलांचा पिवळा सुंदर येतो. उन्हात टिकत नाही. संत्र्याच्या सालीचं मोर्शी-वरुडकडून फार सुचवलं जातं. तिच्यात टॅनिन नगण्य असतं आणि जे सुगंधी तेल असतं ते वाळवतानाच निघून जातं. धायटीची फुलं आणि बाभळीची साल मात्र चांगल्या टॅनिनच्या आहेत आणि हिरडा महाग झाला की अर्धी जागा घेऊ शकतात.

कडुनिंबाचं वेगळं सांगायला हवं. त्यातलं अझाडिरॅक्टिन ऊन, उष्णता आणि सोडा या तिन्हींनी मोडतं, आणि वेचणीच्या सदऱ्याच्या वाट्याला हे तिन्ही येतात. निंबोळी तेल थेट लावलं तर वास आणि पिवळे डाग राहतात, कापड पाणी शोषत नाही, घाम अंगावरच साचतो. तेल जिलेटीन आणि डिंकाच्या सूक्ष्म कुप्यांत बंद करून कापडावर बसवण्याची पद्धत आहे. पण त्याला तापमान आणि पीएच अगदी नेमके लागतात, कुप्या कडक करायला बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लुटराल्डिहाइड वापरतात, चिकटवायला कृत्रिम बाइंडर लागतो, आणि धुण्याच्या दगडावर आपटलं की कुप्या फुटतात. हे प्रयोगशाळेचं आणि गिरणीचं काम आहे, गटाच्या शेडमधलं नाही. सायट्रिक आम्लाने अर्क पक्का करण्याचंही तसंच: 160-170 अंशांवर दोन-तीन मिनिटं सगळीकडे सारखी उष्णता हवी. इस्त्रीने ती मिळत नाही, कापड एकीकडे पिवळं पडतं आणि दुसरीकडे कच्चं राहतं. वर सुताची ताकदही कमी होते.

डासांसाठी निर्गुडी, गवती चहा, सिट्रोनेला यांची तेलं उपयोगाची आहेत, पण उडणारी आहेत. असर काही तासांचा. तेंदूपत्त्यावर जाणाऱ्याला रुमाल आणि छोटी बाटली द्या, रोज सकाळी चार थेंब लावू द्या; ‘डासरोधक रुमाल’ म्हणून विकू नका. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. तिथे कोणी रुमालावर भिस्त ठेवून मच्छरदाणी गुंडाळून ठेवली तर जबाबदारी कापड देणाऱ्याची. त्वचारोग बरे होतात, संधिवात जातो असले दावे तर लेबलवर अजिबात नकोत. 1954 च्या औषध आणि जादुई उपाय कायद्याचं लफडं गटातल्या बायांच्या गळ्यात पडेल.

कच्च्या मालाचंही एक. मागणी एकदम वाढली की बाभळीची, ऐनाची साल उभ्या झाडावरून सोलली जाते. खोडाची साल गोलाकार काढली की झाड मरतं. खरेदी करताना फळं, फुलं आणि छाटलेल्या फांद्यांची सालच घ्यायची अट ठेवा. हिरडा-बेहड्यासारख्या गौण वनोपजावर 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांची मालकी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी ते करून दाखवलं आहे. व्यापाऱ्याकडून ओली, बुरशी आलेली चुंगडी घेण्यापेक्षा ग्रामसभेकडून वाळवलेला, बी काढलेला हिरडा घेतला तर पैसाही गावात राहतो आणि मालही चांगला येतो. एक सूचना: हिरड्याचा अर्क करून ठेवू नका. उन्हाळ्यात दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. जंतुरोधक म्हणून विकायच्या अर्कावर पांढरी साय पाहून प्रशिक्षणार्थी हसतात, पण बुरशी जे खाते ते टॅनिनच, त्यामुळे तो घाणा टाकूनच द्यावा लागतो.

शेवटचं मागणीच्या वेळेबद्दल, कारण चांगली कृतीही इथे मार खाते. डोक्याचा 90 सेंटिमीटर चौरस रुमाल 120 ग्रॅमच्या कापडाचा केला तर साधारण शंभर ग्रॅम भरतो. दोन हजार रुमाल म्हणजे 200 किलो कापड, दहा किलोच्या वीस खेपा आणि तीस हजार लिटर पाणी. भिजवणं, थंड होणं, वाळणं धरून एका खेपेला चार ते पाच दिवस लागतात. दोन-तीन भांडी असली तर खेपा आलटून-पालटून चालतात, पण रात्रभर मुरायची पायरी कोणी दोन तासांत आणू शकत नाही. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मागणी आली, तर गटापुढे दोनच वाटा राहतात: हिरडा वगळायचा किंवा बाजारातला तयार रंग वापरायचा. दिसायला दोन्ही कापडं सारखीच.

विहिरीला पाणी आणि उन्हाला माफक ताप असलेले महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कापड वाळत नाही, ओलसर घडीवर काळे ठिपके येतात. म्हणून तेंदूपत्त्याचे रुमाल आणि पुढच्या वेचणीचे सदरे यांची मागणी दिवाळीच्या आधी गटांच्या हातात द्या. त्यासोबत निम्मी रक्कम, कापडाची वीण आणि वजन, मनाई असलेल्या रसायनांची नावं आणि वीस धुण्यांची अट एका पानावर लिहून द्या. माल आला की प्रत्येक गठ्ठ्यातून एक रुमाल काढून तुमच्याच कार्यालयात धुवायला लावा. उरलेली रक्कम त्यानंतर द्या, मात्र पंधरा दिवसांच्या आत.

कळावे,

नैसर्गिक रंगाई आणि कापड-प्रक्रियेचं काम करणारे,
वर्धा-यवतमाळ परिसर